नातीच्या रक्तातलं शिसं

"नावं घेऊन वाचा मॅडम, आडपडदा कशाला?" उद्धवकाकांनी टाळ्या वाजवून गल्ली शांत केली.

डॉक्टर योगिनी कचरल्या. माणसांच्या अंगात शिसं किती मुरलंय, याची शहरभर पाहणी चालली होती. चिखलीतल्या या गल्लीचं रक्त त्यांनी गेल्या महिन्यात नेलं होतं. "काका, ज्याचा अहवाल त्याच्या हातात देते. चारचौघांत वाचायचा नसतो."

"अहो, चारचौघांतच वाचायला हवा! हा धम्मपाल जुन्या बॅटऱ्या फोडतो आणि शिसं आमच्या लेकरांच्या रक्तात. तुमच्या तोंडून एकदा येऊ द्या, उद्याच त्याच्या शेडला कुलूप."

बोलणं म्हणजे काकांच्या हातचा मळ. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या मारुतीची पूजाअर्चा त्यांच्याकडे, आणि सप्ताहात कीर्तनकार बुवांच्या मागे पहिला टाळ त्यांचाच. सभा कशी डोलवायची, हे त्या संगतीत त्यांनी उचललं होतं. पूर्वरंग महिनाभर रंगवला होता. आज उत्तररंग.

पण तळमळ खोटी नव्हती हो. सहा वर्षांची नात, इंद्रायणी, पांढरीफटक पडली होती. पोट धरून गडबडा लोळायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिचं कशात लक्षच लागत नाही. मुलगा-सून शिफ्टवर, पोर आजोबांच्या कडेवर वाढलेली. काकांनी काय करायचं बाकी ठेवलं? नवस बोलले. शनिवारच्या पूजेला तिला न्यायचेच, आता मंगळवारीही नेऊ लागले. बळाचा देव तो, लेकराला बळ देईल. तरी पोर सुकतच चालली. मग त्यांची नजर समोरच्या शेडवर गेली.

धम्मपाल पुढे आला. "मॅडम, माझं वाचा. सगळ्यांम्होरं. मी कुणाला इख पाजतोय का, मला बी कळू द्या. माझी दोन पोरं हितंच वाढत्यात."

"डेसिलिटर रक्तात नऊ मायक्रोग्रॅम शिसं," डॉक्टर म्हणाल्या. "या धंद्यातल्या माणसाला हे कमीच. मुलांचं तीन-तीन."

"अगं बया! मग आमचं?" शेजारच्या गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"गल्लीत जवळजवळ सगळ्यांचं पाचाच्या आत आहे, मावशी."

"मशीन बिघडलं असेल," काका तडकले. "माझं आणि नातीचं वाचा. बघू दे जगाला."

"काका, आपण घरी बसून बोलू."

"इथंच. मारुतीच्या साक्षीनं."

योगिनींनी मान खाली घातली. "तुमचं सव्वीस. इंद्रायणीचं एकतीस. मुलांना पाचसुद्धा जास्त असतं."

काका शेडकडे बोट रोखून ओरडले. "ऐकलंत? ऐकलंत ना रे? काढा याला आत्ता!"

कुणी हललं नाही. धम्मपालची पोरं शेडच्या दारातच गोट्या खेळत होती.

"काका," धम्मपाल हळूच म्हणाला, "माझ्या पोरांना तीन, अन् तुमच्या नातीला एकतीस? शिसं काय घर बघून शिरतं व्हय?"

योगिनी इंद्रायणीसमोर उकिडव्या बसल्या. "बाळा, तू आणि आजोबा मिळून असं काही करता का, जे गल्लीत दुसरं कुणी करत नाही? लाल, केशरी रंगाचं काही? तसल्या रंगांत कधी कधी शिसंच असतं."

"छे! आम्ही कुठले रंगारी?" काका म्हणाले.

पण इंद्रायणीचे मलूल डोळे चमकले. एवढ्या मोठ्या माणसांत कुणीतरी तिलाच विचारलं होतं.

"आम्ही मारुतीला शेंदूर लावतो ना! तेलात मी कालवते, हातानं. मग आजोबा शेंदराच्याच हातानं मला खोबरं भरवतात. म्हणतात, खा गं, ताकद येईल."