पाचवी फुली

“ॲल्स्टन, खूण गडग्याच्या आत घाल,” भाई म्हणाले. “तुझो आंतोन माझ्याच खाणीर आसा मां?”

भाईंचा आवाज कधी चढत नसे. चढवायची गरजच पडत नसे. चिरेखाण त्यांची, चिरे वाहणारे ट्रक त्यांचे आणि चिरे कापायच्या मशीनवर ॲल्स्टनचा सख्खा भाऊ आंतोन.

ॲल्स्टन चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन सड्यावर, गावामागच्या कातळी पठारावर, उभा होता. खाणीचा परवाना नव्याने व्हायचा होता आणि ड्रोनने काढलेला नकाशा ओरोसच्या कचेरीत द्यायचा होता. काम सोपं होतं. खाणीच्या पाच कोपऱ्यांवर आकाशातून दिसतील अशा पाच पांढऱ्या फुल्या मारायच्या आणि ड्रोन वर सोडायचा. फुल्यांच्या आत जे येईल ते खाणीचं. चार फुल्या मारून झाल्या होत्या. त्या चारही जुन्या हद्दीच्या दगडांवर, अगदी जिथल्या तिथे होत्या.

पाचवा दगड मात्र कधीच नाहीसा झाला होता. तो गडग्याच्या बाहेर होता, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण गडगा म्हणजे नुसते रचलेले दगड, तो सरकारी कागदावर कुठून येणार? गडग्याच्या आत कार्मीनची काजूची बाग होती आणि विहीर होती. खाण वीस पावलं आत सरकली की त्या विहिरीला पाणी राहणार नव्हतं. कार्मीन एकटी होती. आणि ती ॲल्स्टनची मादीन होती. बाप्तिस्म्याला त्याला हातावर घेऊन तीच उभी राहिली होती, आणि आई गेल्यावर दोघा भावांना याच विहिरीवर तिने आंघोळी घातल्या होत्या.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. ॲल्स्टनच्या एका बाजूला चाळीस फूट खोल खाण होती आणि दुसऱ्या बाजूला खरोखरची विहीर. नाही म्हटलं तर भाई कुडाळहून दुसरा ड्रोनवाला आणणार. फुली पडायची तिथे पडणारच, वर आंतोन घरी बसणार. आंतोनला मशीनशिवाय दुसरं काही येत नव्हतं. ॲल्स्टनने खूप विचार केला, आणि प्रत्येक विचार फिरून त्याच जागी आला.

तो गडगा ओलांडून आत गेला. विहिरीमागच्या कातळावर वाकून त्याने फुली मारली. एक रेघ वाकडी गेली.

मान वर केली तर समोर कळशी घेऊन कार्मीन. हा खुरीस, म्हणजे क्रूस, कशाला, असं तिने विचारलं. वरून फोटो काढायचाय, खूण दिसायला हवी, असं त्याने तिच्या पायांकडे बघत सांगितलं. त्याला तहान लागली असेल म्हणून तिने कळशी पुढे केली. ते पाणी पिताना त्याला स्वतःची लाज वाटली.

दुपारनंतर सड्यावर समुद्राचा वारा सुटतो, त्यामुळे ड्रोन दुसऱ्या दिवशी सकाळी उडवायचा ठरला.

सकाळी तो पोचला तर पाचव्या फुलीभोवती माणसं जमलेली. फुलीवर अबोलीची माळ होती आणि करवंटीच्या आडोशाला मेणबत्ती जळत होती. कार्मीनच्या वाडीतल्या बायका गुडघे टेकून लादीनाची प्रार्थना म्हणत होत्या. खाणीवरचे चार-पाच कामगारही चपला काढून उभे होते, आंतोनही त्यांच्यात होता. कुणीतरी नारळसुद्धा आणून ठेवला होता. आपल्याकडे राखणदाराला नारळ देणारा माणूस वाटेवरच्या खुरसालाही मेणबत्ती लावतो. कुठला देव कधी कामाला येईल, सांगता येत नाही.

भाई जीपमधून उतरले. ती फुली कुणी, कधी आणि कशासाठी मारली, हे तिथे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दगडाला शेंदूर लागला की तो दगड राहत नाही, हेही त्यांना कळत होतं. त्यांचा स्वतःचा नवा ट्रक तिठ्यावरच्या खुरसाला मेणबत्ती लावल्याशिवाय कधी हलला नव्हता. त्यांनी आंतोनकडे पाहिलं. इथे मशीन लावणार नाही, असं आंतोनने सरळ सांगितलं. बाकीचे त्याच्या शेजारी सरकले.

मग भाईंनीही चपला काढल्या, हात जोडले आणि जाताना हळूच ॲल्स्टनला सांगितलं, की खूण गडग्याबाहेर घाल.

त्याने ती घातली, अगदी जिथे हवी तिथे; नकाशात आता हीच पाचवी धरली जाणार होती. ड्रोन वर गेला. हातातल्या पडद्यावर सडा दिसू लागला, लाल खाण, हिरवे काजू आणि पांढऱ्या फुल्या. देवभोळ्या म्हातारीच्या एका चुकीने सगळे सुटले, असं वाटून त्याला हसू आलं. मग ते हसू थांबलं. कालच्या पहिल्या चार फुल्यांवर ना फूल होतं, ना मेणबत्ती. त्यातली चौथी तर कार्मीनच्या बेड्यासमोर, आवाराच्या फाटकाशीच, तिच्या इगर्जीच्या म्हणजे चर्चच्या वाटेवर होती. इगर्जीतून परतताना ती फुली ओलांडूनच कार्मीन विहिरीमागे गेली होती.

ड्रोन उतरवून तो तिच्याकडे गेला. ती काजूच्या रोपांना पाणी घालत होती. क्षमा मागायला म्हणून तो आला होता, पण तोंडून भलतंच निघालं.

“मादीन, बाकीच्या चार खुरसांक मेणबत्ती कित्याक नाय लायलंस?”

कार्मीनने कळशी खाली ठेवली.

“ते चार खरे होते, पुता.”