उलटतपासणीचा सराव

"मोठ्यानं बोलू का?" तरुण वकीलबाईनं विचारलं.

"नको. डावा कान शाबूत आहे. तोंड तेवढं माझ्याकडे असू द्या," साक्षीदार बाई म्हणाली. वर्ग हसला.

वर्ग वकिलांचा होता. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा नवा कायदा ते शिकत होते. आज शेवटची परीक्षा, उलटतपासणीची. पास होणाऱ्यालाच हे खटले चालवता येणार होते. शिकवणाऱ्या निवृत्त न्यायाधीशबाईंना नाटकातले साक्षीदार चालत नसत. त्यांनी कामगार संघटनेकडून खरीखुरी तक्रारदार मागवली होती. औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरण्यात बाईची उमेदीची वर्षं गेली होती. एका कानानं कमी ऐकू येतं, धोक्याचा भोंगा कळणार नाही, एवढ्यावरून तिला घरी बसवलं होतं. येत्या सोमवारी तिची खरी सुनावणी होती.

"साक्षीदाराला कुणी ओळखत असेल तर आत्ताच सांगा. माणूस बदलू," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

कुणी हात वर केला नाही. मागच्या बाकावरच्या टायवाल्या वकिलानंही नाही. कामावरून काढल्याचं पत्र कारखान्यातर्फे त्यानंच बाईच्या हातात ठेवलं होतं. बाईनं त्याला पाहिलं आणि नजर वळवली.

"तुम्ही कारखान्याच्या बाजूनं आहात," न्यायाधीशबाई वकीलबाईला म्हणाल्या. "साक्षीदाराकडून नवं काही वदवून घेतलं नाहीत तर नापास. दोनदा झालंय. आता तिसरी संधी नाही."

"मग परत दुसऱ्या वकिलाकडे टायपिंग," मागून कुणीतरी पुटपुटलं.

वकीलबाईनं घसा साफ केला. "त्या दिवशी धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा कुठे होतात?"

"मशीनपाशी."

"ऐकू आला?"

"जरा उशिरा. पण लाल दिवा लगेच दिसला."

"आणि तक्रारीत जिचा उल्लेख आहे ती मैत्रीण?"

"होती शेजारीच. दोघी बाहेर पडलो."

वकीलबाईनं तोच प्रश्न फिरवून विचारला, मग आणखी फिरवून. उत्तर जागचं हललं नाही. "साक्षीदार कसली, भिंत आहे," कुणीतरी म्हणालं. न्यायाधीशबाईंनी पेनाचं टोपण काढलं. वकीलबाईनं हातातला कागद मिटला.

"मला... मला आणखी काही विचारायचं नाही."

"थांबा," बाई म्हणाली. तिनं एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. "खोदून विचारलंत, आता लपवत नाही. भोंगा मला ऐकू आला नाही. दिवाही दिसला नाही. मैत्रिणीनं दंडाला धरून ओढलं, म्हणून वाचले."

मागच्या बाकावर टायवाल्याचं पेन भराभर चालू लागलं.

"इथलं बोलणं इथंच राहील," न्यायाधीशबाई सगळ्यांना म्हणाल्या. मग वकीलबाईकडे वळल्या. "पास."

बाहेर पडताना एकानं वकीलबाईला टोमणा मारलाच. "अभिनंदन. बिचारीच्या पोटावर पाय दिलात. भेदभावाचा कायदा छान शिकलात."

जिना उतरून धावतच तिनं बसथांब्यावर बाईला गाठलं.

"कशाला आलीस?" बाई हळूच म्हणाली. "जा आत. कुणी बघेल."

"बघू दे. मैत्रिणीनं तुला नव्हतं ओढलं. तूच तिला ओढून बाहेर काढलं होतंस, आई."