शुद्ध घराण्यातली

विश्वास दामल्यांच्या कुवेतमधल्या एगैलातल्या फ्लॅटमधली बोआ अजगराची मादी अस्सल सुरीनामची होती. तिची पाच पिढ्यांची वंशावळ त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावली होती. तिच्यासाठी हवल्ली भागातल्या प्राणीविक्रेत्या साबीरभाईंनी दाखवलेले सातही नर त्यांनी नाकारले. कुणाची आजी कोलंबियाची निघाली, कुणाच्या शेपटीचा तांबडा रंग फिका पडला.

"साहेब, शेवटी साप तो सापच ना!" साबीरभाई वैतागले.

"घराणं म्हणून काही असतं की नाही?" विश्वासराव म्हणाले. बत्तीस वर्षांच्या लेकीची, कौमुदीची, स्थळंही ते हेच ऐकवून परत पाठवत.

गेल्या आठवड्यात, एकाही नराचं तोंड न पाहता, मादीने चार पिल्लांना जन्म दिला.

"क्वचित होतं असं," प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले. "बाप लागतच नाही."

विश्वासराव हादरले. आता वंशावळीत बापाच्या नावापुढे लिहायचं काय?

कौमुदीने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी बसली.



"बाबा, सुट्टीत मी कोट्टायमला लग्न करून आले. माझ्या बाळाच्या वेळी तुमची अशी अडचण व्हायची नाही. बापाचं नाव थॉमस."