हेला हेला

नाईलकाठच्या आमच्या गावात जुन्या थडग्यांसाठी खणकाम चालू होतं. कुदळीच्या तालावर शाझली एकेक ओळ रचून गायचा आणि टोपल्या वाहणारे आम्ही मागून ‘हेला हेला’ ओरडायचो. मुकादमाची ढेरी, खणकामावरच्या परदेशी बाईची टोपी, गाण्यात काहीही यायचं. बाईला आमच्या भाषेतले तेवढेच दोन शब्द यायचे. गाणं थांबलं की ती छत्रीखालून रेकॉर्डिंगसाठी फोन पुढे धरायची, “शाझली, हेला हेला!”

आज खड्डा सरकत सरकत गावातल्या पहिल्या घराला भिडला. कुदळी थबकल्या, गाणंही थांबलं.

“शाझली, हेला हेला!”

शाझली त्या घराच्या कुलपाकडे बघत होता.

“गा की लेका,” मुकादम हळूच म्हणाला. “तू गप्प बसलास म्हणून घरं पाडायचा सरकारी हुकूम फिरणार आहे का? उलट हातचं काम जाईल.”

शाझलीने घसा खाकरला.

“चुलीतली राख अजून गरम आहे, जपून खणा रे...”

“हेला हेला,” आम्ही म्हणालो. ओरडायला कुणाला जमलं नाही.

बाईने खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

गाता गाताच शाझलीने गळ्यातली किल्ली काढली आणि दार फोडायला लागू नये म्हणून कुलूप स्वतःच उघडून दिलं.