नवे पाय

दादाने आणलेल्या विज्ञान कादंबरीपायी धाकटीने मैत्रिणींचे फोनसुद्धा घेतले नव्हते. आज मात्र पुस्तक संपलं तसं तिने ते पलंगावर भिरकावलं.

"काय गं, आवडलं नाही?" दादाने दारातून विचारलं.

"अख्खं पुस्तकभर ती पोरगी व्हीलचेअरवरून यान चालवते, अख्खा ग्रह वाचवते. आणि शेवटच्या पानावर काय, तर बक्षीस म्हणून तिला नवे पाय बसवतात. सगळा विचका केला."

"विचका कसला? किती गोड शेवट आहे. म्हणून तर आणलं तुझ्यासाठी. तुझंही होईल असं एक दिवस."

तिने आपली व्हीलचेअर गर्रकन त्याच्याकडे वळवली.

"आत्ता काय कडू चाललंय माझं, दादा?"