दुधाची गाठ
वच्छलाबाईंनी पाट्यावर कडुलिंबाचा पाला वाटला, वाटीत काढला आणि वाटी सुनेपुढे सरकवली. हात मात्र वाटीवरून उचलवेना.

"दाट लाव," त्या म्हणाल्या. "पोट्टी लय हट्टी हाये."

सपनानं मान हलवली. इंझोरी गावात लेकरू अंगावरून तोडायचं तर असंच तोडतात. सपनाच्या नवऱ्याला, संघदीपला, वच्छलाबाईंनी असंच तोडलं होतं. पण ते हसत-खेळत, लेकरू मोठं झालं म्हणून. आज घरात हसायला कुणाचं तोंड नव्हतं. सकाळी वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, संघदीपला खुर्चीवर बसायला लावलं आणि सरळच सांगितलं. सपनाच्या डाव्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे, काखेपर्यंत पोचली आहे. सोमवारी अकोल्याला औषध सुरू होईल. ते दुधात उतरतं, तेव्हा पोरीला आजच तोडा. इतका उशीर का केला, असंही त्यांनी विचारलं. रागावून नाही, पण विचारलं.

आता उशीर काय कुणी हौसेनं करतं? गाठ हाताला लागली तेव्हा बोधी अंगावर पीत होती. पाजत्या बाईला गाठ आली की ती दुधाचीच, त्यात शंका ती कसली! वच्छलाबाईंनी तव्यावर फडकं तापवून शेकलं आणि पोरीला त्याच बाजूला लावायला सांगितलं. लेकरानं ओढलं की साकळलेलं दूध मोकळं होतं. पण बोधी काही डावीकडे तोंड लावेना. जबरदस्ती केली तर रडून घर डोक्यावर घ्यायची. सगळ्यांना भारी गंमत वाटायची. आमच्या बाईसाहेबाले डावं चालत नाही, असं आजी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, गाठ होती तिथंच राहिली. दुखत नाही ना, एवढ्यावर सपना निवांत होती.

"म्याच म्हणलं थे दुधाची हाये म्हणून," वच्छलाबाई वाटीकडे बघत म्हणाल्या.

"मले बी तसंच वाटलं, आत्या."

सासूचा राग आला असता तर सपनाला जरा बरं वाटलं असतं. तो येतच नव्हता. पोर उपाशी रडेल याची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी दुसरी होती. आपलं काही बरंवाईट झालं, तर हिला आपण आठवणारसुद्धा नाही. एवढ्याशा लेकराला काय आठवतं?

ओसरीवर संघदीप बोधीला खांद्यावर घेऊन केव्हाचा फिरत होता. बिस्कीट दाखवून झालं, कोंबडी दाखवून झाली. शेवटी तो आत आला आणि पोर सपनाच्या मांडीवर ठेवून बाहेर निघून गेला.

सपनानं उजव्या बाजूला लेप लावला. डावीला लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सुई घालून तुकडा काढला होता, तिथं वरच्या अंगाला पट्टी होती.

बोधीनं सवयीनं उजवीकडे तोंड लावलं. लगेच सोडलं. जीभ बाहेर काढून तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं, हे कुणी केलं असं विचारल्यासारखं.

"कडू झालं वं माय," सपना म्हणाली. "सरलं आता."

वच्छलाबाईंनी साखर घातलेलं गाईचं दूध पुढे केलं. पोरीनं ते ढकलून दिलं. हुंदके देत तिनं पुन्हा एकदा चाखून बघितलं, पुन्हा थुंकली. मग आईच्या मांडीवरून रांगत ती दुसऱ्या बाजूला आली, पदर ओढला आणि पट्टीखाली तोंड घातलं.

सपनानं तिला दूर करायला हात उचलला. तो तिच्या केसांवरच राहिला. त्या बाजूचं दूध कधीच आटलं होतं, तरी बोधी डोळे मिटून ओढत राहिली. हुंदके हळूहळू थांबले.

"आत्या," सपना म्हणाली, "पाहा, डावं घेतलं तिनं."