नात्याचे तीन खण

“ही तुमची कोण?” नानासाहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

“सासू,” इरम्मा म्हणाली.

“म्हणजे बिराप्पाची आई.”

“न्हाय जी.”

रांगेत खसखस पिकली. नानासाहेबांचं पेन थांबलं.

बहात्तरचा दुष्काळ. भूमजवळच्या त्या गावात ज्वारी मिळायची ती सोसायटीच्या दुकानात, तीही रेशनकार्डावर नाव असलेल्यांनाच. मग काय, लांबलांबचे पाहुणे कार्डावर घुसायला लागले. म्हणून सोसायटीचे सचिव नानासाहेब यांनी चार दिवस खपून एक तक्ता केला. खण तीनच: रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं. जगातलं कुठलंही नातं यात बसतंच, असं ते चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगत. जे बसणार नाही, त्याचं नाव कटणार.

आता चौकशीत सगळं बाहेर आलं. म्हातारी नागूबाई परंड्याकडची. तिचा एकुलता मुलगा, म्हणजे इरम्माचा पहिला नवरा, तीन वर्षांपूर्वी वारला. लेकरूबाळ नव्हतं. पुढं इरम्मानं बिराप्पाशी पाट लावला आणि या घरी आली. मागोमाग गाठोडं घेऊन म्हातारीही आली.

नानासाहेबांनी तक्त्यावर बोट फिरवलं. रक्त? नाही. दत्तक? तेही नाही. लग्न? ज्या लग्नानं ती सासू झाली, ते तर कधीच संपलेलं. तक्ता बिनचूक निघाला होता, पण नानासाहेबांना कसंतरीच वाटलं. समोर नागूबाई रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरत होती.

“आजी, तुमच्या गावी जाऊन वेगळं कार्ड काढा.”

“तितं कोन हाय मला?”

मागं उभा असलेला बिराप्पा पुढं सरकला.

“सायेब, नवरा गेल्यावर इरम्माच्या मायबापानं तिला घरात घेतलं न्हाय. म्या बी मागाया गेलो न्हवतो. ही म्हातारीच चालत आली माझ्या मेंढरांच्या वाड्यावर. ‘माझी पोरगी पदरात घे,’ म्हनली. लुगडं-चोळी समदं हिनंच केलं.” त्यानं म्हातारीच्या काखेतली पिशवी काढली, झटकून उघडी धरली. “पोरगी देनारीला तुमच्या तक्त्यात काय म्हनत्यात?”

रांगेतलं हसू कुठल्या कुठं गेलं.  नानासाहेबांनी चष्मा पुसला आणि लग्नाच्या खणात लिहिलं, ‘सासू’.

कुणाची, ते विचारावं लागलं नाही. दोघांचीही तीच होती.